आपली गोष्ट आपण सांगतो तेव्हा

‘गोधड’ या कवितासंग्रहाचे कवी आणि शहादा परिसरातील आदिवासी चळवळीचे कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची एक छोटी कविता आहे. तिच्यात घडते ते थोडक्यात असे: आदिवासींना त्यांची बसण्याची जागा बोटाच्या खुणेने दाखवली जाते आणि वर उभे असलेले लोक त्यांचे दुःख त्यांनाच सांगू लागतात. ते जे सांगतात ते खोटे आहे, असा कवीचा आक्षेप नाही. आक्षेप एवढाच आहे की इतके सांगून झाल्यावरही ते दुःख ज्याचे होते त्याच्याकडेच राहते. साहित्यात आणि माध्यमांत कोणाचे चित्रण कोणी करायचे, या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत, परंतु मूळ अडचण कुठे आहे हे समजण्यासाठी ही कविता पुरेशी आहे.

या अडचणीवर सुचणारा पहिला उपाय सरळ आहे: ज्याची गोष्ट त्याने सांगावी. मात्र हा उपाय प्रत्यक्षात आणायचा म्हटले की पुढचे प्रश्न उभे राहतात. सांगणाऱ्याला व्यासपीठ कोण देणार? तो कोणासमोर सांगणार? कोणत्या भाषेत सांगणार? त्याच्या गोष्टीत येणाऱ्या आई, बायको, भावकी, शेजारी यांची परवानगी त्याने घ्यायची की नाही? आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्याची एकट्याची समजायची की त्याच्या संपूर्ण समाजाची? या प्रश्नांची उत्तरे हवेत शोधण्यापेक्षा मराठीतील दलित लेखकांनी स्वतःविषयी जे लिहिले त्यात शोधणे अधिक फलदायी आहे, कारण हे सगळे प्रश्न त्यांच्यापुढे प्रत्यक्षात आले आणि त्यांनी ते वेगवेगळ्या मार्गांनी सोडवले, किंवा न सोडवता तसेच मांडून ठेवले.

आधी एक प्राथमिक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कोणतेही चित्रण म्हणजे निवड असते. फोटो काढणारा जसा चौकटीत काय घ्यायचे आणि बाहेर काय ठेवायचे हे ठरवतो, तशी निवड लिहिणाराही करतो, आणि ही निवड तो जिथे उभा आहे तिथून करतो. म्हणूनच केवळ सहानुभूती असून भागत नाही. श्री. म. माटे यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम इतक्या निष्ठेने केले की सनातनी मंडळी त्यांना ‘महार माटे’ म्हणून हिणवत. त्यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’ या १९४१ च्या पुस्तकातील कथांमध्ये गावकुसाबाहेरच्या माणसांविषयी खरा जिव्हाळा आहे, आणि त्या काळच्या मराठी कथेत अशी माणसे आणणे ही लहान गोष्ट नव्हती. तरीही माट्यांना ही माणसे दिसली ती एका शिकलेल्या, वरच्या जातीच्या गृहस्थासमोर ती जशी वागत असत तशी. तो गृहस्थ निघून गेल्यावर ती आपापसांत काय बोलत, त्याच्यावर काय विनोद करत, एकमेकांचा कसा दुस्वास करत, हे त्यांना दिसण्याचा मार्गच नव्हता. यात दोष त्यांच्या नजरेचा नव्हता, ते उभे होते त्या जागेचा होता.

आता व्यासपीठाचा प्रश्न. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता, पुण्यातील फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. वेद वाचण्याचा अधिकार केवळ ब्राह्मणांचा असेल तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे ठरलो, मग आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न ती विचारते, आणि डोक्यावर धड छप्परही नसलेल्या घरात, पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांच्या हालांकडे लक्ष वेधते. हा दुसरा तपशील कोणाही पुरुष सुधारकाच्या लेखणीतून इतक्या सहज आला नसता. परंतु या निबंधाच्या मागे दोन गोष्टी उभ्या आहेत, हे विसरून चालणार नाही: एक शाळा आणि एक छापखाना. शाळा फुले दांपत्याची होती आणि ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र होते, ज्याला हिंदू धर्मावरची अशी टीका छापण्यात स्वतःचे स्वारस्यही होते. मुक्ताचे शब्द मुक्ताचेच होते, पण ते आपल्यापर्यंत पोहोचले ते दुसऱ्याच्या मालकीच्या पानावरून. याहून जुना दाखला हवा असेल तर वारकरी परंपरेत तो आहे. चोखामेळ्याचे अभंग अनंतभट्ट लिहून घेत, असे तिथे मानले जाते. चोखोबांनी आपल्या वाट्याला आलेली शिवाशीव अभंगांत सांगितली, आणि ती कागदावर उतरवणारा हात, निदान परंपरेच्या म्हणण्याप्रमाणे, एका ब्राह्मणाचा होता.

पान दुसऱ्याचे असले की काय छापायचे हे अखेरीस दुसराच ठरवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करण्यामागचे कारण हेच होते, आणि पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी ते स्वच्छ सांगितले: मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांकडे पाहिले तर त्यांतील बरीचशी विशिष्ट जातींचे हित पाहणारी दिसतात आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते. छत्रपती शाहू महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पत्राच्या शिरोभागी तुकोबांचा भीड सोडून तोंड वाजवण्याविषयीचा अभंग छापला जात असे. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. ‘मूकनायक’ काही वर्षांतच बंद पडले. त्यानंतर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी साखळी चालू राहिली. वर्गणीदार गरीब, जाहिरातदार नाहीत आणि लिहिणारे हात मोजके, अशा स्थितीत ही पत्रे चालली. स्वतःचे माध्यम असणे म्हणजे त्याचा तोटाही स्वतःच सोसणे.

व्यासपीठ मिळाले तरी श्रोता कोण, यावर सांगण्याचे स्वरूप ठरते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आंबेडकरांच्याच लेखनात आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे इंग्रजीतील छोटे आत्मपर लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले. त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात की परदेशी लोकांना अस्पृश्यता आहे हे माहीत असते, पण ती शेजारी नसल्यामुळे ती किती जाचक असते याची त्यांना कल्पना येत नाही. ही कल्पना करून देण्याचे दोन मार्ग ते मांडतात: एकंदर परिस्थितीचे वर्णन करणे, किंवा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगणे. ते दुसरा मार्ग निवडतात. ज्या माणसाने जातिव्यवस्थेवर शास्त्रीय ग्रंथ लिहिले, तो परक्या वाचकासाठी मात्र १९०१ सालची एका लहान मुलाची, म्हणजे स्वतःचीच, बैलगाडीची गोष्ट सांगतो. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांच्या अंगावर नवे सदरे, जरतारी टोप्या, रेशीमकाठी धोतरे असतात, त्यामुळे स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटतात. त्याने विचारल्यावर हा मुलगा भाबडेपणाने ‘आम्ही महार’ असे सांगून टाकतो आणि त्या माणसाचा चेहरा क्षणात बदलतो. पुढे गाडीवान गाडीत बसायलाही तयार होत नाही. दुप्पट भाडे देऊन मुलांना गाडी स्वतः हाकावी लागते. रात्री तहानेने व्याकूळ झाल्यावर तोच मुलगा टोलनाक्यावर जाऊन उर्दूत आपण मुसलमान असल्याचे सांगतो, आणि तरीही पाणी मिळत नाही.

या एका प्रसंगात स्वतःची ओळख मांडण्याचे तीन प्रकार आहेत, आणि ते उलगडून पाहण्यासारखे आहेत. कपडे एक ओळख सांगतात, तोंड दुसरी, आणि गरज पडल्यावर तिसरीच ओळख उसनी घेतली जाते. पुढे बडोद्यात राहायला जागा मिळेना तेव्हा पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिल्याचा प्रसंगही याच लेखनात आहे. म्हणजे स्वतःला मांडणे हे काही केवळ पुस्तक लिहायला बसल्यावर सुरू होत नाही. ज्याच्या ओळखीवर पाणी, घर आणि नोकरी अवलंबून असते, तो माणूस रोज दहा ठिकाणी स्वतःला जपून, निवडून, कधी लपवून मांडत असतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत जात लपवून राहणारा रेल्वेतील कामगार आहे, आणि त्याच्या वागण्यातला प्रत्येक तपशील या लपवण्याने ठरलेला आहे. पुस्तकातील स्वचित्रणाला जी धार येते ती बऱ्याचदा या लपवण्यापासून सुटका करून घेण्याची धार असते.

याच्या नेमके उलट श्रोते आंबेडकरी जलशांपुढे होते. तमाशाचा साचा घेऊन, त्यातील गण-गवळणीला फाटा देऊन किंवा तिचा आशय बदलून हे जलसे वस्त्यावस्त्यांत होत; भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आणि पुढे वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी जे रचले ते आपल्याच माणसांसाठी. तिथे ‘गावात आम्हाला काय सोसावे लागते’ हे समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाने ते सोसलेले होते. त्यामुळे त्या गाण्यांचा भर शिकण्यावर, एकजुटीवर, जुनी कामे सोडण्यावर आणि आपल्यातल्याच लबाडांची टिंगल करण्यावर असतो. तोच समाज, तेच दशक आणि कधी तर तीच माणसे, पण परक्याला सांगताना ती सोसलेले सांगतात आणि आपल्या माणसांना सांगताना काय करायचे ते सांगतात. मराठी समीक्षेने पहिल्या प्रकाराची दखल भरपूर घेतली, दुसऱ्याची फार थोडी. पुस्तक समीक्षकाच्या टेबलावर आपोआप पोहोचते. गाणे ऐकायला वस्तीत जावे लागते.

आत्मकथनांची लाट आली ती यानंतर. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे होते, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे हे त्यांचे वाक्य तिथलेच. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी पुढच्याच वर्षी आली. ‘फकिरा’ हे आत्मचरित्र नाही, पण मांग समाजातील लेखकाने आपल्या समाजाचे केलेले ते चित्रण आहे, आणि त्याचा नायक कीव करण्याजोगा बिलकूल नाही. भुकेल्या माणसांसाठी तो इंग्रजांचा खजिना लुटतो. स्वचित्रण म्हणजे सोसण्याची कहाणी, हे समीकरण नंतर इतके घट्ट झाले की शौर्याचा हा दुसरा मार्ग आपल्याकडे आधीपासून होता, याचा जवळजवळ विसर पडला.

सोसण्याच्या कहाणीचा मार्ग रुळवला तो दया पवारांच्या ‘बलुतं’ने. १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने ते प्रकाशित केले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, शंकरराव खरातांचे ‘तराळ अंतराळ’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ अशी पुस्तके दहाएक वर्षांत आली, आणि त्यांतील ‘उपरा’ व ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘बलुतं’ची रचना मात्र आजही सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. त्यात शिकलेला, पांढरपेशी नोकरी करणारा, कवी म्हणून नाव मिळवलेला दया पवार हा ऐकणारा आहे, आणि सांगणारा आहे दगडू मारुती पवार, म्हणजे तोच, पण गावातला आणि मुंबईच्या कावाखाना या वस्तीतला. एकाच माणसाचे असे दोन भाग करण्यामागे नुसती लेखनाची युक्ती नाही. जो लिहू शकतो तो आता त्या वस्तीत राहत नाही, आणि जो वस्तीत राहत होता त्याला लिहिता येत नव्हते. आत्मकथन लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर ही फट असते. बहुतेक लेखक ती झाकतात आणि लहानपणाविषयी असे लिहितात की जणू आठ वर्षांचे मूल स्वतःच वर्णव्यवस्थेचे विश्लेषण करते आहे. पवारांनी ती फट पुस्तकाच्या दारातच उघडी ठेवली.

शिवाय हा दगडू केवळ अन्याय सोसणारा नाही. पहिल्या पत्नीशी आपण कसे वागलो, तिच्यावर कसा संशय घेतला, हेही तो सांगतो. वाचकाची सहानुभूती मिळवणे एवढाच हेतू असता तर हा भाग गाळणे सोपे होते. मला वाटते की एखाद्या स्वचित्रणाची प्रत ओळखायची असेल तर सांगणाऱ्याने स्वतःवर किती अन्याय झाला हे सांगितले आहे यापेक्षा, त्याने स्वतःच्या विरोधात जाणारे काय काय पुस्तकात राहू दिले आहे, हे पाहावे.

या पुस्तकांना दोन दिशांनी प्रतिक्रिया आल्या आणि दोन्हींतून स्वचित्रणाची अडचण कळते. पांढरपेशा वाचक हादरला, आणि परीक्षणांमधून ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अस्सल’ ही विशेषणे इतकी वापरली गेली की ती पुढे शिक्क्यासारखी उमटू लागली. हा गौरव खरा होता, पण त्याला एक मर्यादा होती. पुस्तक पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले की त्यातील रचना, विनोद, भाषेची निवड आणि कुठे थांबायचे याचे भान कोणी पाहत नाही. लेखक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याच्यातला कलावंत बाहेर तिष्ठत बसतो. दुसरीकडे, नुकत्याच शिकून नोकरीला लागलेल्या, शहरात घर घेतलेल्या दलित वाचकांपैकी अनेकांना हे लेखन नकोसे झाले. मागचा उकिरडा कशाला उपसायचा, आपली अब्रू चव्हाट्यावर का मांडायची, असा त्यांचा सवाल होता. त्याला केवळ न्यूनगंड म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. कार्यालयात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्याने ‘बलुतं’ वाचले की तो आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार, हे त्या माणसाला ठाऊक होते. एकाने स्वतःविषयी लिहिले आणि त्याचा परिणाम न लिहिणाऱ्या हजारोंवर झाला. वरच्या जातीतील लेखकाने आपल्या व्यसनी काकाविषयी लिहिले तर तो काका फक्त त्याचाच राहतो. दलित लेखकाने लिहिले तर तो साऱ्या समाजाचा काका होतो. बहुसंख्य किंवा वरचढ गटातील माणसाला केवळ व्यक्ती असण्याची जी मुभा असते, ती इतरांना मिळत नाही, आणि स्वचित्रणावरचा सर्वांत मोठा भार हाच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा भार दुप्पट होता. बेबी कांबळे यांनी फलटणमध्ये छोटे दुकान चालवत, घरच्यांपासून लपवून लेखन केले आणि ते वर्षानुवर्षे दडवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले, ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तक झाले. या पुस्तकात ‘मी’ फार थोडा आहे. लग्न, बाळंतपण, उपासमार, अंगात येणे, सासरचा छळ, बाबासाहेबांच्या हाकेनंतर मुलांना शाळेत घालण्यासाठी बायकांनी केलेली धडपड, हे सारे ‘आम्ही’च्या आवाजात येते. घरातला पुरुष बाईला कसा छळतो हे त्या परखडपणे सांगतात, पण स्वतःच्या नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या बोलल्या ते पुष्कळ नंतर, मुलाखतीत. पुस्तकातील हे मौन दुबळेपणाचे आहे असे म्हणणारे म्हणोत. माझ्या मते, आपली खाजगी जखम समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जाऊ नये, याची घेतलेली ती जाणीवपूर्वक काळजी आहे. ‘आम्ही’ म्हटल्याने त्यांना बाईचे सगळे सोसणे सांगता आले आणि एका माणसाला आरोपीच्या जागी उभेही करावे लागले नाही.

पुढच्या पिढीच्या ऊर्मिला पवार यांनी २००३ मधील ‘आयदान’मध्ये वेगळा निर्णय घेतला. आईचे बांबूचे विणकाम, कोकणातले गाव, मुंबईतली नोकरी, स्त्री-संघटनांमधील काम या सगळ्यांबरोबर नवऱ्याशी असलेले ताणही त्यांनी उघडपणे लिहिले. दोघींपैकी कोण अधिक प्रामाणिक, असा प्रश्न इथे गैरलागू आहे. एकीला घरात वही लपवावी लागत होती, दुसरीजवळ स्वतःचा पगार होता, लेखिका म्हणून नाव होते, मैत्रिणी होत्या आणि मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास गोळा करण्याचा अनुभव होता. स्वतःविषयी किती बोलता येते हे स्वभावावर कमी आणि बोलल्यानंतर निभाव कसा लागेल यावर अधिक अवलंबून असते.

भाषेचा प्रश्नही याच जागी येतो. घरची बोली लिहावी तर बाहेरच्या वाचकाला कळत नाही, प्रमाण मराठी लिहावी तर घरातली माणसे पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलू लागतात. शांताबाई कांबळे यांनी पुस्तकाच्या नावातच ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असे लिहून आपली बाजू घेतली. नामदेव ढसाळांनी १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात मुंबईच्या त्याच नावाच्या वेश्यावस्तीची भाषा कोणतीही तडजोड न करता वापरली, प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले, आणि तेंडुलकरांनी तसे प्रस्तावनेत लिहिलेही. यात दोन गोष्टी एकदम दिसतात. प्रस्थापित लेखकाला इथे विद्यार्थी व्हावे लागले, ही एक. आणि तरीही त्या काळी अशा संग्रहाला प्रस्थापित लेखकाची प्रस्तावना उपयोगी पडत होती, ही दुसरी.

लाट आली की साचाही तयार होतो. गावकुसाबाहेरचे बालपण, भूक, शाळेतला अपमान, एखादा भला शिक्षक, शहर, चळवळ आणि नोकरी, असा क्रम इतका ओळखीचा झाला की नव्या लेखकाकडून प्रकाशक आणि वाचक तोच मागू लागले. दलित लेखकाने प्रेमकथा, विज्ञानकथा किंवा निव्वळ विनोदी लेखन केले तर त्याला विचारणारे कमी, हे चित्र अजून पुरते बदललेले नाही. दुसरी मर्यादा अशी की लिहिणारे सुरुवातीला मुख्यतः शिकलेले बौद्ध पुरुष होते. चर्मकार समाजातील माधव कोंडविलकर, कैकाडी समाजातील लक्ष्मण माने, उचल्या ठरवल्या गेलेल्या जमातीतील लक्ष्मण गायकवाड, कोल्हाटी आईचा मुलगा किशोर शांताबाई काळे यांनी लिहिले तेव्हा ‘दलित अनुभव’ नावाची एकच एक वस्तू नाही, हे वाचकाच्या लक्षात येऊ लागले. वंचितांच्या आतही कोणाला आधी बोलायला मिळते याची एक उतरंड असते.

सिनेमात हे सारे उशिरा आले, आणि त्याचे कारण पैशात आहे. पुस्तकाला वही आणि सवड लागते. चित्रपटाला भांडवल, यंत्रे, माणसांचा ताफा, वितरक आणि चित्रगृह लागते. म्हणून १९७७ मधील ‘जैत रे जैत’सारखा ठाकर या आदिवासी जमातीच्या जीवनावरचा देखणा चित्रपट निघाला तेव्हा त्याची मूळ कादंबरी, दिग्दर्शन आणि प्रमुख अभिनय सारे ठाकर समाजाबाहेरच्यांचे होते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ चित्रगृहांत आला तो २०१४ मध्ये, म्हणजे ‘बलुतं’नंतर तब्बल छत्तीस वर्षांनी. त्यात डुक्कर पकडण्याचे काम लादल्या गेलेल्या कैकाडी घरातला जब्या आहे, पण तो आधी एक मुलगा आहे: पावडर लावणारा, नव्या पँटची स्वप्ने पाहणारा, वर्गातल्या शालू नावाच्या मुलीवर जीव जडलेला. मारलेले डुक्कर वाहून नेले जाते ते शाळेच्या ज्या भिंतीपुढून, तिच्यावर आंबेडकर, फुले दांपत्य, शाहू महाराज आणि गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. या दृश्यावर कोणी भाष्य करत नाही. आणि अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिकीट काढून बसलेल्या आपल्याकडे. बाहेरच्या दिग्दर्शकाला हे सुचले नसते असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण हळहळ वाटून घेत बसलेल्या प्रेक्षकालाच लक्ष्य करणे, हे ज्याने तो दगड हातात धरण्याची इच्छा अनुभवली आहे त्याला अधिक सहज सुचते.

तरीही ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ अशी रेघ ओढून सगळे निकालात निघत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते व्यावसायिक नट नव्हते, नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते, चित्रपटातील गाण्यांमागे संभाजी भगत होते. दिग्दर्शक बाहेरचा, पण पडद्यावर उभा राहिलेला देह, आवाज आणि गाणे चळवळीतले. अशा कलाकृतीत कोण कोणाचे चित्रण करतो आहे, याचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. विचारायला हवे ते असे: ज्यांचे चित्रण होत आहे त्यांना पटकथेत बदल सुचवण्याचा, एखाद्या दृश्याला नकार देण्याचा अधिकार होता का? श्रेयनामावलीत आणि मानधनात त्यांचा वाटा काय? कलाकृती पाहून हे नेहमी कळत नाही, परंतु कळते तेव्हा तिचा अर्थ बदलतो.

मोबाइलने भांडवलाची अट बरीच सैल केली. आज एखाद्या तालुक्याच्या गावातला मुलगा भीमगीत गातो, वस्तीतली जयंती चित्रित करतो, आपल्या बोलीत गावातल्या घडामोडी सांगतो आणि संध्याकाळपर्यंत ते हजारो लोकांनी पाहिलेले असते. प्रस्तावना लागत नाही आणि संपादकाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. पान मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच मालकीचे आहे. कोणते चित्रण वर आणायचे आणि कोणते बुडवायचे हे कंपनीचे गणित ठरवते, आणि त्या गणिताला लांबलचक विचारापेक्षा तीस सेकंदांचा आवेश अधिक मानवतो. स्वतःच्या विरोधात जाणारे काही राहू देण्याला या तीस सेकंदांत जागा जवळजवळ नसते, म्हणून पुष्कळसे चित्रण एक तर अभिमानाचे असते किंवा संतापाचे. पण हे पूर्ण सत्य नाही, कारण याच गर्दीत घरातल्या स्वयंपाकाविषयी, पहिल्या पगाराविषयी, आजीच्या बोलण्याविषयी निवांतपणे सांगणाऱ्या मुलीही आहेत, ज्यांच्या चित्रणात जात कधी येते आणि कधी येतही नाही. ‘दाहक’ आणि ‘विदारक’ ही विशेषणे त्यांना लागू होत नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहायचे झाले तर मराठी समीक्षेला सध्या तरी दुसरी तयार विशेषणे सापडलेली नाहीत.